साडेपाचचे रिकामे हंडे

सोनालीवर अन्याय झाला तो या वर्षी संक्रांतीनंतर दहाव्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहा वाजता. वेळ मुद्दाम देते आहे, कारण असल्या गोष्टींची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. पवना धरणाच्या काठच्या रस्त्याने ती एकटी चालली होती. हातात काही नव्हतं. ना पाटी, ना विळा, ना पिशवी, ना कडेवर मूल. मागून तिचा धाकटा दीर गणेश मोटरसायकलवर आला आणि म्हणाला, "वैनी, बसा." ती बसली. घरी आणून तिला ओट्यापाशी उभं केलं आणि घरातल्या माणसांनी आळीपाळीने एकच प्रश्न विचारला.

"कुटं चाललीवतीस?"

"कुटं न्हाई. नुसती चालत हुते."

हे उत्तर कुणालाच पटलं नाही. आता बोला! बाईने खोटं सांगितलं असतं, की दुकानात चालले होते, मैत्रिणीकडे चालले होते, तर चाललं असतं. खरं बोलली म्हणून पकडली गेली. गुन्हा चालण्याचा, शिक्षा मोटरसायकलची.

आणि तिला चालायला सांगितलं होतं मी. तेही छापील.

मी सव्वीस वर्षांची आहे. 'कामाचे अनुभव' लिहायला अजून तीस वर्षं थांबावं असं घरच्यांचं म्हणणं आहे, पण तीस वर्षांनी माझा राग एवढा ताजा राहील याची खात्री नाही, म्हणून आत्ताच लिहिते. तळेगावातल्या एका छोट्या संस्थेसाठी मी चार वर्षं मावळातल्या गावांत स्कूटीवरून फिरते. पिशवीत पत्रकं, वजनकाटा आणि शिलाईच्या टेपा. कॉलेजात असताना फीवाढीविरुद्ध पत्रकं लिहायचे, त्यामुळे माझं मराठी उद्गारचिन्हांवर पोसलेलं आहे. आता फीच्या जागी पीसीओएस आलं, उद्गारचिन्हं तीच राहिली.

पीसीओएस म्हणजे काय, हे मी कसं सांगते ते ऐका. जेवलो की रक्तात साखर येते. ती पेशींच्या घरात पोचवायला इन्सुलिन नावाचा निरोप्या दारोदार जातो, हाक मारतो, दारं उघडतात. काहींच्या शरीरात ही दारं हाकेला ओ देईनाशी होतात. मग शरीर काय करतं? एका निरोप्याच्या जागी दहा पाठवतं, ओरडायला. साखर कशीबशी आत जाते, पण या आरड्याओरड्याने शेजारच्या बिचाऱ्या अंडाशयांची झोप उडते. ती बिथरतात, पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लागतात, बीज वेळेवर सुटत नाही. पाळी दोन-दोन, चार-चार महिने गायब. हनुवटीवर केस, गालावर पुटकुळ्या, पोटावर चरबी, मानेला काळी घडी. प्रत्येकीचं सगळंच असतं असं नाही, आणि नक्की काय ते डॉक्टरच तपासून सांगतात. पण ऐकता ऐकता बायका एकमेकींच्या मानेकडे बघायला लागल्या की मला कळतं, पत्रक पोचलं.

आमचा सुगीचा काळ म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाला सगळ्या बायका एका खोलीत मिळतात, त्याही बसलेल्या. मग आम्ही वाण म्हणून काय देतो? मापाची टेप! दोन वर्षांपूर्वी ही कल्पना मला सुचली तेव्हा मी स्वतःवरच इतकी खूश झाले की रस्त्यात स्कूटी थांबवून एकटीच हसले. कंबर मोजा, महिन्याने परत मोजा, काटा नसला तरी चालतं. अर्थात पहिल्या महिन्यात बायकांनी स्वतःच्या कमरा सोडून नवऱ्यांची पोटं मोजली. एका गावात तर आकडे भिंतीवर खडूने लिहिले होते, आणि पहिला नंबर आलेले गृहस्थ मला भेटून म्हणाले, "ताई, ती टेप परत घ्या. माजं चारचौघांत बसणं बंद झालंय."

सोनाली मला अशाच हळदीकुंकवात सापडली. गावाचं नाव सांगत नाही. तिकोना पेठेकडे जाताना लागतं, एवढं पुरे. माहेर सुदुंबऱ्याचं, वय चोवीस, लग्नाला अडीच वर्षं. नवरा कंपनीत शिफ्टला. पाळी चार महिने आलेली नव्हती. "घरात माहितीये?" मी विचारलं तर म्हणाली, "समद्यास्नी म्हायतीय. मोजत्यात की." आधी वाटलं दिवस गेले, पेढेसुद्धा आणले, मग तपासणीत काहीच निघालं नाही. पेढ्यांची नामुष्की घरच्यांना फार लागली होती.

तिला तालुक्याच्या डॉक्टरबाईंकडे मी घेऊन गेले. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. बाईंनी मेटफॉर्मिनची गोळी लिहून दिली, जेवणाबरोबर, सुरुवातीला कमी ताकदीची. ही गोळी त्या बहिऱ्या दारांना हाक ऐकू आणते. शिवाय रोज अर्धा तास भराभर चालायचं आणि ताटात बदल करायचा. सहा महिने नेटाने करा, मग बघू, असं त्या म्हणाल्या. पण घरात तेवढी मुदत नव्हती. घरात ठरलं होतं की आषाढापर्यंत फरक दिसला तर दिसला. नाहीतर औषधं बंद आणि सोनालीला सुदुंबऱ्याला 'आरामाला' पाठवायचं. अडीच वर्षांत मूल नसलेली सून आरामाला माहेरी गेली की तो आराम किती लांबतो, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही.

आणि त्या सहा महिन्यांच्या तिसऱ्याच दिवशी मोटरसायकल आली!

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने गेले. स्कूटीवर पूर्ण वाट भाषण पाठ करत गेले. सोनालीची सासू हिरामावशी गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होती. माझं भाषण तिने उभ्याने ऐकून घेतलं आणि कमरेचं पत्रक काढलं. माझंच होतं. त्यावर ट्रॅकसूट घातलेली, कानात वायर अडकवलेली, दात दाखवणारी एक बाई बागेत चालत होती.

"ही कोन?"

"ती... चित्रातली आहे मावशी."

"हिच्या घरी म्हस हाय का?"

मावशीने पत्रकावर बोट ठेवलं.

"ह्यात लिवलंय, हालचाल करा. आमची सोनी पाटं पाचला उठती. झाडलोट, धुनं, रानात खुरपनं. ती काय सोफ्यावर बसलीवती व्हय? आनि चालायचंच आसंल तर रानात जा की. रस्त्यानं मोकळ्या हातानं मिरवायचं कशापायी? लोक मला इचारत्यात, तुजी सून भांडून निगाली का?"

चार वर्षांत इतकं चोख कुणी मला झोडपलं नव्हतं. ते पत्रक मी पुण्यात एका ओळखीच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर केलं होतं, आणि बाईचं चित्र त्याने फुकट मिळालं म्हणून टाकलं होतं. खुरपायला तीन तास उकिडवं बसणं वेगळं आणि छातीचा भाता हलेल असं अर्धा तास सलग चालणं वेगळं, हे त्यात कुठेही लिहिलं नव्हतं. 'ताणतणाव टाळा!' असं मात्र लिहिलं होतं. उद्गारचिन्हासकट. मला अजून त्याची लाज वाटते.

"आणि गोळ्या?" मी विचारलं.

गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवलेल्या निघाल्या. मावशीने लपवल्या होत्या. सोनालीने दुसरी गोळी घेतली तो होता गुरुवार, तिचा उपास. दुपारपर्यंत नुसत्या पाण्यावर, आणि त्यावर गोळी. पोटात असा धिंगाणा झाला की ती रात्रीपर्यंत मोरीच्या फेऱ्या मारत होती. त्यात शेजारच्या आबांनी पाकीट ओळखलं, "ही तर माजी साखरंची गोळी!" संपलं. साखर नसलेल्या पोरीला साखरेची गोळी देऊन डॉक्टरीण तिला साखर लावणार, असा निष्कर्ष निघाला. 'जेवणाबरोबर घ्या' हे आम्ही सांगितलं होतं. ज्या दिवशी जेवणच नाही त्या दिवशी काय, हे सांगितलं नव्हतं. मावळात आठवड्यातून दोन उपास न करणारी बाई शोधून दाखवा! आणि उपास सोडायचा तो साबुदाण्याच्या डोंगराने.

मी भाषणाचा कागद मनातल्या मनात फाडला आणि म्हशीजवळच्या पाटीवर बसले. मावशी वाकून शेण ओढत होती, पदर सरकला होता. मानेमागे काळी, मखमलीसारखी घडी. सोनालीला आहे तशीच.

"मावशी, ही मान कधीपासून?"

तिने झटकन पदर ओढला. "मळ हाय. निगत न्हाई. दगडानं घासून घासून कातडं निगालं, पर मळ न्हाई निगत."

"मळ नाहीये ते. माझ्या आईने मला आठवीत नारळाच्या शेंडीने घासलं होतं. तेही मळ नव्हतं."

मी केस वर करून माझी मान दाखवली. मग सोनाली आली, तिने दाखवली. गोठ्यात तीन बायका माना वाकवून उभ्या, आणि म्हैस एकेकीकडे बघतेय. मावशीला पहिल्यांदा हसू आलं. मग ते थांबेना. "आगं बया, मी तीस वर्सं दगूड घासतीय," असं म्हणत ती पाटीवरच बसली आणि डोळे पुसेपर्यंत हसली. त्यातलं शेवटचं शेवटचं हसू नव्हतं, पण आम्ही तिघींनी ते हसूच धरलं.

दोन दिवसांनी तिचं रक्त तपासलं. साखर होती. बरीच होती. डॉक्टरबाईंनी तिलाही तीच गोळी दिली. आता घरात एका डब्यात दोघींची पाकिटं, आणि सासू सुनेला दरडावते, "जेवलीस का आदी? मंग घे." ताटाचीही बोलणी झाली. भात कमी करा म्हटल्यावर मावशी म्हणाली, "भात कमी? मावळात? मंग मावळच सोडून जा म्हना की." शेवटी तह असा झाला की आधी भाजी आणि उसळ खायची, भात नंतर, आणि ताटातल्या भाताची शीग मोडायची. उपासाला साबुदाण्याऐवजी शेंगदाणे, ताक आणि फळ. देवाची हरकत आली नाही.

राहिलं चालणं. त्यावरचा तोडगा मावशीने काढला, आणि इतका साधा की मी चार वर्षं कुठे झोपले होते असं मला वाटलं.

"मोकळ्या हाताची बाई दिसली की गावाचा जीव वर-खाली हुतो. हंडा घ्यायचा. हंड्याला कुनी इचारत न्हाई कुटं चालला म्हनून."

प्लॅस्टिकचा हंडा, हलका. संध्याकाळी साडेपाचला सासू-सून कमरेवर रिकामा हंडा घेऊन निघाल्या, धरणाच्या रस्त्याने सरळ पंधरा मिनिटं गेल्या, परत आल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. चौथ्या दिवशी शेजारीण आली. पंधरा दिवसांत नऊ जणी झाल्या. चपलेने टाचा दुखायला लागल्या तेव्हा मी लोणावळ्याच्या बाजारातून स्वस्तातले बूट आणले. पण गावातून बूट घालून कोण जाणार? बूट हंड्यात! शेवटचं घर मागे पडलं की नऊ हंड्यांतून नऊ जोड निघायचे, चपला आत जायच्या, आणि नऊ लुगडी-साड्या असा काही वेग घ्यायच्या की मी मागे पडायचे. मी, जिने पत्रक लिहिलं होतं! हसून हसून पोटात दुखायचं. "ताई, तुमी स्कूटीवर लय बसता," सोनाली मागे वळून म्हणायची.

हे असं शिमग्यापर्यंत सुरळीत चाललं. मग आम्हाला धरणकाठच्या तंबूंनी धोका दिला.

तंबूत राहायला आलेल्या कुणा शहरी मुलाने सूर्यास्ताचा व्हिडिओ काढला. तांबूस आकाश, मागे डोंगर, आणि रस्त्याने एका ओळीत नऊ बायका, कमरेवर रिकामे हंडे. त्याला त्याने रडकी बासरी लावली आणि खाली लिहिलं, मैलोन्मैल पायपीट करूनही या माउलींचे हंडे रिकामेच. दोन दिवसांत तो सगळ्यांच्या फोनवर. आमच्या संस्थेच्या ग्रुपवरसुद्धा तो फिरत फिरत आला, खाली रडणारे चेहरे टाकलेले. मी तिसऱ्या माउलीला ओळखलं आणि चहा नाकातून आला.

चौथ्या दिवशी गावात टँकर!

या गावात घरोघरी नळ आहे हो. नळाला पाणीही येतं. पण येत्या निवडणुकीला इच्छुक असलेल्या एका भाऊंनी व्हिडिओ बघितला होता आणि त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती, असं त्यांनीच सांगितलं. टँकरच्या दोन्ही बाजूंना भाऊंचे हात जोडलेले फलक. बरोबर दोन कॅमेरे, दहा कार्यकर्ते, आणि वेळ नेमकी साडेपाच. गावाला वाटलं आपल्या नळांची बदनामी कुणी केली. माणसं जमली, आवाज चढले. आणि त्याच क्षणी घरातून नऊ जणी नऊ हंडे घेऊन बाहेर पडल्या. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"बघा! बघा या माउली!" भाऊ पुढे धावले. मी स्कूटी लावून पोचेपर्यंत त्यांनी हिरामावशीच्या कमरेवरचा हंडा काढून घेतला होता. "आवं, नगं, नगं," मावशी ओढतेय, भाऊ म्हणतायत, "मावशी, आज तुमचा मुलगा भरणार." कॅमेऱ्याकडे तोंड करून त्यांनी पाइप हंड्यात सोडला. पाणी चढलं. आणि पाण्याबरोबर हळूहळू, डुलत डुलत, गुलाबी नाडीचा एक बूट वर आला. मग दुसरा.

पाणी हंड्यावरून सांडायला लागलं तरी भाऊंचा पाइप तसाच.

"ह्ये काय?" गणेशने विचारलं. हाच तो मोटरसायकलवाला.

"बूट," मावशी म्हणाली.

"हंड्यात?"

सोनालीचा चेहरा पांढरा पडला होता. गेले दोन महिने आडोशाला चाललेलं सगळं आता चव्हाट्यावर येणार होतं, गोळी, पाळी, आषाढ. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात एक संपूर्ण पत्रक तयार होतं. सोनालीने माझ्या दंडाला धरलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते गिळलं. बरं झालं, कारण मावशी पुढे झाली होती.

"आमी चालायला जातो. पाण्याला न्हाई. मला साखर हाय, डाक्टरीन म्हनली चाल. हिला पाळीचा तरास हाय, हिला बी म्हनली चाल. ही नुसती चालली तर तुमी तिला गाडीवर घालून मागारी आनली. म्हनून हंडा. ह्यो हंडा आमच्यासाठी न्हाई, तुमच्यासाठी हाय. तुमच्या डोळ्यांस्नी बरं वाटावं म्हनून आमी ह्यो वागवतोय."

पाळी हा शब्द भर चावडीपुढे, बाप्यांदेखत, कॅमेऱ्यात! सोनालीने मान वर केली होती.

भाऊ हुशार. त्यांनी पाइप बाजूला दिला आणि लगेच जाहीर केलं, "माता-भगिनींसाठी व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवून देतो. धरणाकडेला."

"यंत्रं नगंत," सोनाली म्हणाली. तिचा आवाज त्या गावाने पहिल्यांदाच एवढा ऐकला असेल. "धारंची येळ आनि चालायची येळ एकच येती. साडेपाच ते सा, घरातलं कुनीतरी दुसऱ्यानं बघावं. येवढंच."

टँकर भरलेलाच परत गेला. भाऊंच्या कॅमेऱ्यातलं ते चित्रण कुठेही दिसलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता धारेचं सांगते. दुसऱ्या दिवशी साडेपाचला गणेश बादली घेऊन म्हशीखाली बसला. म्हशीने त्याला एकदा हुंगलं आणि लाथेने बादली अंगणात पाठवली. तिला हात लागतो मावशीचा किंवा सोनालीचा. चार दिवस हा प्रकार चालला. पाचव्या दिवशी आम्ही फिरून परत आलो तर गोठ्यात मावशीचं हिरवं लुगडं डोक्यावरून घेऊन कुणीतरी पाठमोरं बसलेलं, आणि बादलीत धार वाजतेय. "आगं, कोन हाय?" मावशीने हाक मारली. पदराआडून दाढी वळली. "आई, बोलू नको. तिला कळंल." आम्ही गोठ्याबाहेर तोंडात पदर आणि ओढणी कोंबून बसलो. गणेश अजूनही लुगडं घेऊनच धार काढतो. आता त्याला त्याचं काही वाटत नाही.

हंडे सुटले. सगळे एकदम नाही. दोघी-तिघींना रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना, त्या बराच काळ हंडा घेऊनच चालत होत्या. माझं काम कुठे कमी पडतं ते मला त्या हातांकडे बघून कळलं.

ज्येष्ठात मी लोणावळ्याला एका चिक्कीच्या कारखान्यात होते. पाकिटं भरणाऱ्या बायकांच्या कमरा मोजत होते आणि मालक दाराशी येरझारा घालत होते. "ताई, मोजा, काय हवं ते मोजा, पण साखर शब्द जरा हळू. पुढं गिऱ्हाईक आहे." तेवढ्यात फोन वाजला. सोनाली. धापा टाकत होती.

"ताई, आली!"

"काय आली?"

"आली हो! आज सकाळी! नऊ म्हैन्यांनी!"

मी टेप हातात घेऊन जागच्या जागी उड्या मारल्या. "आली! आली!" असं ओरडत होते. मालकांना वाटलं माझी नोकरीची ऑर्डर आली. त्यांनी मला आणि सगळ्या बायकांना एकेक चिक्कीचा तुकडा दिला, आणि मी खाल्ला. होय, खाल्ला. कधीतरी एक तुकडा चालतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा आली, चार दिवस उशिरा, पण आली. आषाढ आला आणि गेला, सुदुंबऱ्याची पिशवी कुणी भरली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे संपलेलं नाही, गोळी आणि चालणं चालू ठेवा, गोळी मनाने बंद करू नका. मुलाचं विचारलं तर सोनाली म्हणते, "बगू की. आदी माजं शरीर माज्याशी बोलाय लागलंय, ते तर ऐकू द्या."

या लेखात डॉक्टर आहेत, गोळी आहे, बूट आहेत, पण हे सगळं ज्यावर टेकलं आहे तो आहे रोजचा अर्धा तास, जो सोनालीला भर गावात मागून घ्यावा लागला. तुमच्या घरातल्या बाईला तो मागायला लावू नका. हा अंक तुम्ही वाचताय म्हणजे तुम्ही बसलेले आहात. उठा. आत जा, तिच्या हातातली उलथनी, झारा, कणकेची परात, जे असेल ते काढून घ्या आणि तिला म्हणा, जाऊन ये. आज करा, उद्या करा, मी पुढच्या दिवाळीला विचारीपर्यंत रोज करा. पोळी वातड होईल. खा.